दुसरं वाक्य

हेमंतशी बोलायचं नाही, ही अट रेवती गुल्हानेने स्वतःच्या तोंडाने मान्य केली होती. तीही घरातल्याच जेवणाच्या टेबलाशी, हातात भाकरीचा तुकडा असताना. समोर हेमंत बसला होता आणि टेबलाच्या टोकाला नवजन पक्षाचे अध्यक्ष गुणवंतराव डोईफोडे. पक्षात सगळे त्यांना भाई म्हणत.

भाई यवतमाळला आले की गुल्हान्यांकडेच जेवत. तिथल्या जेवणापेक्षा त्यांना त्या नवराबायकोचं भांडण जास्त आवडायचं. दोघंही विद्यार्थी असल्यापासून पक्षात. ओळख झाली ती एका सभेत एकमेकांना खोडून काढताना, आणि लग्न झालं तरी ते खोडून काढणं थांबलं नव्हतं. निवडणूक जवळ आली होती. कुणालाच बहुमत मिळणार नाही, असं सगळे धरून चालले होते. नवजन पक्षाचे दहाबारा आमदार आले तरी सरकार कुणाचं हे त्यांच्या हातात राहणार होतं. मग सत्ताधारी प्रगती आघाडीबरोबर सरकारात जायचं की नाही?

"जायचं," हेमंत म्हणाला. "पुनर्वसन खातं मागून घ्यायचं. पाच वर्षांत प्रत्येक वसाहतीला पाणी, प्रत्येकाच्या नावावर जमीन. बाहेर राहून आपण काय आणलं, सांग ना? एक एसटीचा थांबा."

"ज्यांनी गावं बुडवली त्यांच्या शेजारी खुर्ची टाकून बसायचं?"

"खुर्चीवर बसल्याशिवाय सही करता येत नाही, रेवती."

"सही त्यांच्याच कागदावर करशील ना तू? उद्या त्यांनी दुसरं धरण काढलं, मग?"

हे तिच्यासाठी नुसतं राजकारण नव्हतं. पक्षच मुळात निंबदरा धरणात गावं गेलेल्या माणसांच्या आंदोलनातून उभा राहिला होता, आणि त्या गावांत रेवतीचं माहेर होतं. धानोली. ती शाळेत असताना ते पाण्याखाली गेलं. वडील वसाहतीच्या पत्र्याच्या खोलीत वारले. शेवटपर्यंत ते त्या खोलीला घर म्हणाले नाहीत.

भाईंनी ताकाचा पेला खाली ठेवला. "तुम्ही दोघंही मनापासून बोलता," ते म्हणाले. "मला तेच हवंय."

ते काय मागत होते हे त्या काळात कुणालाही समजावून सांगावं लागलं नसतं. पट्टी येऊन दोन वर्षं झाली होती.

पट्टीचा शोध राजकारणासाठी लागलेला नव्हता. पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत तोतरेपणावर उपचार शोधत असताना संशोधकांच्या लक्षात आलं की, माणूस एखादं वाक्य बोलतो तेव्हा मेंदू फक्त तेवढंच वाक्य तयार करत नाही. मनात शंका असेल तर त्या शंकेचंही वाक्य शेजारी तयार होत असतं. ते ओठांपर्यंत येत नाही, पण घशापर्यंत येतं. त्याच्यासाठी स्वरतंतूंचे बारीक स्नायू किंचित आवळतात आणि बोलल्या जाणाऱ्या वाक्यात एक सूक्ष्म अडखळ राहून जाते. कानाला ती कळत नाही. यंत्राला कळते. दुसरं वाक्य कोणतं, हे यंत्र सांगू शकत नाही. ते आहे, आणि किती जोरात आहे, एवढंच सांगतं.

वृत्तवाहिन्यांनी हे यंत्र उचललं आणि बोलणाऱ्याच्या चेहऱ्याखाली एक पट्टी दाखवायला सुरुवात केली. दुसरं वाक्य नसेल तर पट्टी हिरवी. असेल तर पिवळी, मग लाल. ते काही खोटं पकडण्याचं यंत्र नव्हतं. साफ चुकीची गोष्ट मनापासून मानणाऱ्याचीही पट्टी हिरवीगार येई. पण लोकांना तेवढा फरक करायला वेळ नव्हता. पहिल्या वर्षी मोठमोठे नेते कॅमेऱ्यासमोर यायचे बंद झाले. दुसऱ्या वर्षी पक्षांना वाट सापडली. जे सांगायचं आहे ते ज्याला खरोखर पटलंय, त्यालाच बोलायला पाठवायचं. आणि आतल्या बोलण्यांतलं त्याला काही कळू द्यायचं नाही.

"धरणाच्या पट्ट्यात लोकांना ऐकायचंय की आपण त्यांच्याबरोबर कधीच जाणार नाही," भाई म्हणाले. "मुंबईत आघाडीवाल्यांना ऐकायचंय की आपण जाऊ शकतो. हेमंत, तू मुंबईला ये. रेवती इथेच राहील. दोघंही जे वाटतं तेच बोला, मी एक शब्दही सांगणार नाही."

"आणि लोक म्हणतील पक्षात दोन तोंडं आहेत," रेवती म्हणाली.

"मी म्हणेन आमच्याकडे लोकशाही आहे. ते खरंच आहे की. माझीही पट्टी हिरवी येईल." ते थोडं हसले. "फक्त सरकार बनेपर्यंत एकमेकांशी बोलायचं नाही. फोन नाही, निरोप नाही. तुम्ही बोललात की एकाचं वाक्य दुसऱ्याच्या घशात जाईल."

हेमंतने तिच्याकडे पाहिलं. तो तिच्या उत्तराची वाट पाहत होता, हे तिला नंतर फार वेळा आठवलं. पण तेव्हा तिला वाटलं, आपलं म्हणणं पहिल्यांदाच सबंध विदर्भ ऐकेल. ती म्हणाली, "चालेल."

पहिले काही आठवडे बरे गेले. पुसद, दारव्हा, उमरखेड, रोज एक सभा, रोज एक मुलाखत. "ज्यांनी आमची घरं पाण्यात घातली त्यांच्या पंगतीला आम्ही बसणार नाही," ती म्हणायची आणि तिच्या चेहऱ्याखाली पट्टी ताज्या गवतासारखी हिरवी. वसाहतीतल्या बाया तिचा हात धरून तिला घरात न्यायच्या. "ताई, तुमच्यासारखं कोणी बोलत नाही जी," म्हणायच्या.

घरी आल्यावर मात्र तिच्याशी कुणी वाद घालत नव्हतं. एवढी शांतता तिने आयुष्यात ऐकली नव्हती. हेमंत असता तर दार उघडताच म्हणाला असता, पंगतीचं वाक्य टाळ्यांसाठी होतं, त्यात मुद्दा कुठे होता? मग तिने पर्स खुर्चीवर टाकून सुरुवात केली असती आणि भाजी फोडणीला टाकेपर्यंत दोघं धानोलीपासून दिल्लीपर्यंत जाऊन आले असते. आता ती फोडणी टाकायची, पंखा लावायची, जेवायची आणि भांडी घासून ठेवायची.

बोलायचं नाही अशी अट होती. ऐकायचं नाही असं कुणी म्हटलं नव्हतं. एका रविवारी सकाळी तिने हेमंतची मुलाखत लावली. तो बारीक झाला होता. शर्ट इस्त्रीचा होता, म्हणजे कुणीतरी करून देत होतं. तो बोलायला लागला आणि ती मुद्द्यांकडे लक्ष न देता नुसता आवाज ऐकत राहिली. वाक्य संपताना शेवटचा शब्द खाली सोडून द्यायची त्याची जुनी सवय तशीच होती.

त्यानंतर ती रोज ऐकू लागली. भाजी निवडताना, कपडे वाळत घालताना. पडद्याला उत्तरं देऊ लागली. "हे तू मागच्या वर्षीही म्हणाला होता," असं म्हणायची. पण पडद्यातला हेमंत तिचं उत्तर ऐकून पुढे जात नसे. म्हणून मग तिच्या उत्तरावर तो काय म्हणाला असता तेही तीच बोलू लागली. अगदी त्याच्यासारखं, शेवटचा शब्द खाली सोडत. स्वयंपाकघरात पुन्हा दोन माणसं असल्यासारखं वाटायचं. त्याची बाजू ती चांगली मांडायची. कधीकधी त्याच्यापेक्षा चांगली, कारण वसाहती तिने पाहिलेल्या होत्या. नळ नसलेल्या गल्ल्या, नावावर जमीन नाही म्हणून लग्नं अडलेली मुलं. यांना खरंच आणखी किती वर्षं थांबवायचं, असा प्रश्न तिने एकदा हेमंतच्या आवाजात विचारला, आणि तिच्या स्वतःच्या आवाजात उत्तर आलं नाही.

मतदानाच्या आदल्या आठवड्यात आर्णीच्या सभेत तिची पट्टी पिवळी झाली.

पक्षाचे स्वरतज्ज्ञ डॉ. नौशाद काझी दुसऱ्या दिवशी नागपूरहून आले. मृदू बोलणारा, चाळिशीतला माणूस. त्यांनी तिच्या गळ्याला दोन चकत्या लावल्या आणि तिला नेहमीची वाक्यं म्हणायला सांगितली. मग बराच वेळ आलेख पाहत बसले.

"ताई, तुम्ही खोटं बोलत नाही आहात," ते म्हणाले. "पण तुमच्या प्रत्येक वाक्यामागे आता दुसरं वाक्य उभं आहे. आणि एक गोष्ट मी आधी कधी पाहिली नव्हती."

"काय?"

"शंका माणसाच्या स्वतःच्याच लयीत येते. तुमच्या घशात जे दुसरं वाक्य तयार होतंय त्याची लय तुमची नाही. शब्द मला कळत नाहीत. पण ते वाक्य संपताना एकदम खाली उतरतं. तुम्ही तसं बोलत नाही."

रेवतीने गळ्यावर हात ठेवला. "माहीत आहे मला," ती म्हणाली, "कोण आहे ते."

काझींनी चकत्या काढून पेटीत ठेवल्या. जाताना म्हणाले, "थोडे दिवस त्यांना ऐकू नका. उतरेल."

तिने दोन दिवस ऐकलं नाही. तिसऱ्या दिवशी लावलंच. त्याची पट्टी पहिल्या दिवसाइतकीच हिरवी होती, आणि त्या दिवशी पहिल्यांदा ते तिला टोचलं. आपलं काही त्याच्या घशापर्यंत पोहोचलेलंच नाही. आपण इथे त्याचा आवाज काढत बसलोय, आणि त्याच्या आत आपला मागमूस नाही.

निकाल लागले. कुणालाच बहुमत नव्हतं आणि नवजन पक्षाचे अकरा आमदार आले होते. भाई दोन दिवसांनी यवतमाळला आले. या वेळी जेवले नाहीत, फक्त चहा घेतला.

"काझींनी मला सांगितलं," ते म्हणाले. "तुझं मत बदलतंय."

"बदलतंय की नाही मला माहीत नाही, भाई. मला दोन्ही ऐकू येतं."

"दोन्हींचं एक होऊ दे. सरकारात जावं असं तुला पटलं असेल तर तेच बोल. वसाहतींत जाऊन बोल. मत बदललेल्या माणसावर लोकांचा जास्त विश्वास बसतो. तू म्हणालीस तर ती माणसं येतील आपल्याबरोबर."

"आणि मुंबईत तुमचं सरकारात न जाण्याचं ठरलं तर?"

"तर तसं म्हणणारं कुणीतरी शोधू. मनापासून वाटणारी माणसं अजून आहेत पक्षात."

रेवतीने कप खाली ठेवला. "तुम्हाला काय वाटतं, भाई? जायचं की नाही?"

भाई खिडकीबाहेर बघत राहिले. कोपऱ्यावर शाळेची व्हॅन वळत होती. या माणसाने निंबदऱ्याच्या पाण्यात छातीपर्यंत उभं राहून सत्याग्रह केला होता, आणि रेवतीचे वडील त्यांच्या शेजारी उभे होते.

"मला काय वाटतं हे मी स्वतःला विचारून बरीच वर्षं झाली," ते म्हणाले. "आधी काय जमेल ते बघायचं, मग तेच स्वतःला पटवून घ्यायचं. तसंच करत आलो."

"वसाहतींत जाऊन मी ते नाही बोलणार. मला मोकळं करा."

त्यांनी तिची समजूत घातली नाही. उठताना फक्त म्हणाले, "हेमंतला भेटू नकोस अजून. त्याची शेवटची मुलाखत आहे परवा."

यवतमाळला आता रेल्वे येत होती. रेवती त्याच संध्याकाळी गाडीत बसली आणि दुसऱ्या दिवशी मुंबईला उतरून पक्षाच्या परळमधल्या इमारतीत गेली. हेमंत तिथेच वरच्या खोलीत राहत होता. मुलाखत अलीकडे ओढली होती. ती त्याच दिवशी संध्याकाळी होती, हे तिला दारातच शिपायाने सांगितलं. तरी ती जिना चढली.

हेमंतने दार उघडलं. बघत राहिला. तिने तोंड उघडलं तसं त्याने घाईने तिच्या ओठांवर बोट ठेवलं, मग तेच बोट स्वतःच्या ओठांवर, आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे हात केला.

तिला राग आला आणि त्याच वेळी त्याच्या बोटाचा वास ओळखीचा वाटला. ती आत गेली. त्याने तिची बॅग घेतली. कुकर लावला, पापड भाजले, तिच्या ताटात लिंबाची फोड आठवणीने वाढली. दोघं समोरासमोर बसून एक शब्दही न बोलता जेवले. त्याच्या कानापाशी केस पांढरे झाले होते, ते पडद्यावर दिसत नव्हतं. तो भात वाढायला उठला. तिने मनगट धरलं. तो तसाच थोडा वेळ उभा राहिला, डाव हातात घेऊन. मग शर्ट बदलून निघून गेला.

तिने मुलाखत पाहिली. तो सरकारात जावं असं म्हणाला, आणि पट्टी शेवटपर्यंत हिरवी होती. तिच्याबरोबर जेवून गेल्यावरही.

तो परत आला तेव्हा अंधार पडला होता. चपलाही न काढता समोर बसला. "बोल आता," म्हणाला. "सगळं बोल."

"काय बोलू? तुझं बरोबर आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे तू म्हणतो तेच बरोबर आहे असं वाटून राहिलं मला. किती वर्षं थांबवायचं त्या लोकांना? पुनर्वसन खातं घ्यावं. जावं सरकारात."

तिला वाटलं होतं त्याला आनंद होईल. त्याचा चेहरा एकदम म्हातारा दिसला.

"हे तू म्हणते?"

"रोज ऐकलं तुला. दुसरं काही ऐकायला नव्हतं घरात." मग तिला राहवलं नाही. "तू नाही ऐकलं मला. एकदाही नाही. दिसत होतं ना पट्टीवर."

हेमंत चपला काढायला वाकला. "पाहत होतो," तो म्हणाला. "रोज. आवाज बंद करून."

"काऊन?"

"आवाज लावला असता तर दुसऱ्या दिवशी यवतमाळला आलो असतो. पहिल्याच आठवड्यात कळलं मला ते." त्याने हातांनी चेहरा पुसला. "तू काय म्हणत असशील ते मी ओठांवरून ओळखायचा प्रयत्न करायचो. आणि इकडे एकेक मुद्दा जमवत होतो. रेवतीला हे सांगू, रेवतीला ते सांगू. ती कशी तुटून पडेल याची मनात तयारी करत होतो. आणि तू येऊन म्हणते, बरोबर आहे."

त्याची पट्टी हिरवी का होती ते आता तिला कळलं: तिची बाजू त्याने स्वतः बोलून पाहिली नव्हती, तिच्यासाठी राखून ठेवली होती. आणि आपण काय हरवून इथे आलो तेही कळलं. धानोलीच्या मुलीचं एक वाक्य होतं. ते आत कुठेतरी असणार. पण शोधायला गेलं की हेमंतच्या आवाजातलं उत्तर आधी यायचं.

दुसऱ्या दिवशी दोघं परतीच्या गाडीत बसले. दुपारी मनमाडच्या पुढे डब्यातल्या पडद्यावर भाई आले, कित्येक महिन्यांनी कॅमेऱ्यासमोर. लोकांनी आवाज वाढवायला सांगितला. नवजन पक्ष सरकारमध्ये सामील होणार नाही आणि सरकार पडूही देणार नाही, असं भाईंनी जाहीर केलं. पक्षाचा पाठिंबा बाहेरून. "आम्ही आत नाही आणि विरोधातही नाही," ते म्हणाले. त्यांच्या चेहऱ्याखालची पट्टी पूर्ण हिरवी होती.

"हे त्यांना खरंच पटलंय," हेमंत हळूच म्हणाला.

"हो."

म्हणजे पुनर्वसन खातं मिळणार नव्हतं, आणि गावं बुडवणारे सत्तेत राहणार होते ते यांच्याच अकरा हातांवर. हेमंतचं म्हणणंही झालं नाही आणि तिचंही नाही. समोरच्या बाकावरच्या बाईने दोघांना ओळखलं असावं. ती एकदा हेमंतकडे, एकदा रेवतीकडे बघत होती.

जळगाव गेलं. बाहेर केळीच्या बागा लागल्या. हेमंत अचानक म्हणाला, "वसाहतीतल्या लोकांची मागणी एवढीच आहे की, आघाडीने त्यांची माफी मागावी."

रेवतीने मान वळवली. "काय?"

"तुझं म्हणणं सांगतोय. आघाडीने माफी मागेपर्यंत आपण सरकारात जायचं नाही. लोकांचा अपमान झालाय, म्हणून."

"असं मी कधीच म्हटलं नाही."

"म्हटलं होतं. अपमान, स्वाभिमान, असंच काहीतरी."

"अपमानाचा काय संबंध?" तिचा आवाज किंचित चढला. "माफी घेऊन करायचं काय? मी काय म्हणत होते... आपल्याला फक्त नाही म्हणता येतं. बाबांकडे तेवढंच उरलं होतं. जमीन गेली, घर गेलं, पण पत्र्याच्या खोलीला ते घर म्हणाले नाहीत. सरकारात गेलं की पहिलं ते जातं. मग ती खोलीच घर आहे असं आपणच त्यांना सांगायला लागतो."

ती थांबली. शेवटचा शब्द खाली उतरला होता, हेमंतसारखा. तिला ते ऐकू आलं. आता ते तिच्या बोलण्यातून कधी जाणार नव्हतं बहुधा. पण वाक्य तिचं होतं, आणि ते बाहेर यावं म्हणूनच हेमंत मुद्दाम चुकीचं बोलला होता.

हेमंत खिडकीकडे बघत होता. डोळे ओले झाले होते आणि ते लपवायचा त्याने फारसा प्रयत्न केला नाही.

"पण नळ तर पाहिजे ना," तो म्हणाला.

"पाहिजे. थांब, मला पूर्ण बोलू दे."

समोरच्या बाईने मोबाइल खाली ठेवला आणि ती ऐकू लागली.